आधी मोलादचे गणित, मग हिब्रू हस्तलिखित

मध्ययुगीन हिब्रू कालगणनेची हस्तलिखिते वाचायला शिकताना १३१० सालच्या टोलेडोतील इसहाक इस्रायेलीच्या ‘येसोद ओलाम’सारखे जड गद्य आधी घेऊ नका. मोलादचे, म्हणजे मध्यम अमावास्येच्या क्षणाचे कोष्टक घ्या. त्यातले आकडे स्वतः पडताळता येतात, त्यामुळे तेच तुम्हाला लिपी शिकवतात.

रकाने तीन: वार, तास, हलाकिम. एका तासाचे १०८० हलाकिम. महिना २९ दिवस, १२ तास, ७९३ हलाकिमांचा. हिब्रू पहिल्या वर्षाचा मोलाद, म्हणजे गणनेचा आरंभ, २-५-२०४: सोमवार, ५ तास, २०४ हलाकिम. १९ वर्षांच्या चक्रातून पूर्ण आठवडे वजा केले की उरतात २-१६-५९५. तास आदल्या संध्याकाळी सहापासून मोजतात. सूर्योदयाला वार बदलण्याची सवय असलेल्या आपला इथे रात्रीच्या मोलादला हमखास एक वार चुकतो. अधिक महिने आपल्यासारखेच १९ वर्षांत सात, पण संक्रांत पाहायची नाही: ३, ६, ८, ११, १४, १७, १९ ही वर्षे ठरलेली आणि वाढणारा महिना नेहमी अदार.

समजा, पानावर २६६वे चक्र आहे. त्याचे पहिले हिब्रू वर्ष २६५ × १९ + १ = ५०३६, म्हणजे इ.स. १२७५चा शरद ऋतू. आरंभात चक्राचा शेष २६५ वेळा मिळवा, आठवडे टाका: ७-२३-१९९. साध्या, म्हणजे बारा महिन्यांच्या, वर्षाचा शेष ४-८-८७६ मिळवला की पुढच्या वर्षाची ओळ ५-७-१०७५.

आता पान पाहा. हिब्रूत संख्या अक्षरांनी लिहितात; २३साठी काफ (२०)-गिमेल (३) हवे. ‘बेत (२)-गिमेल’ दिसले तर ते काफच, कारण तशी संख्याच लिहीत नाहीत. दालेत (४) व रेश (२००), हे (५) व हेत (८), वाव (६) व झायिन (७) या जोड्या सतत फसवतात. एकच ओळ चुकली आणि पुढची बरोबर असेल, तर चूक नकलेतली. चूक पुढे सरकत गेली, तर ती मुळातल्या बेरजेतली. हा फरक नोंदवहीत लगेच लिहा, कारण दोन प्रतींचे नाते त्यावरूनच कळते.

कोष्टकाचे पहिले चक्र म्हणजे प्रतीचे साल नव्हे. लेखनिक जुने कोष्टक जसेच्या तसे उतरवतात. प्रतीच्या सालासाठी पुष्पिका (लेखनिकाची शेवटची नोंद) आणि कागदावरचे जलचिन्ह बघा. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘क्तीव’ संकेतस्थळावर अनेक प्रतींची छायाचित्रे मोफत आहेत. सुरुवातीला स्पष्ट चौकोनी लिपीची प्रत निवडा, अर्धशीघ्र सेफार्दी (स्पेनच्या ज्यूंचे) वळण नंतर.