खिडकीच्या जागी बागेत उघडणारे दार

तळमजल्यावरच्या खोलीची खिडकी बागेकडे किंवा परसाकडे उघडत असेल, तर तिच्या जागी काचेचे दार बसवण्याचे काम थोडे कौशल्य आणि पुष्कळ शिस्त असलेल्या माणसाला स्वतः करता येते. आपल्याकडच्या बांधकामाची एक रीत यासाठी फार सोयीची आहे. खिडकीची आणि दाराची वरची पातळी बहुधा एकच, म्हणजे फरशीपासून सुमारे ७ फुटांवर ठेवलेली असते, त्यामुळे खिडकीखालची अडीच-तीन फुटांची भिंत काढली की दाराची उंची आपोआप मिळते. म्हणून पहिला नियम असा की रुंदी आहे तेवढीच ठेवावी आणि फक्त खाली जावे. रुंदी वाढवायची म्हटले की नवे लिंटेल (म्हणजे खिडकीवरची, वरचा भार पेलणारी आडवी तुळई), वरच्या भाराला टेकू आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आराखडा या सगळ्यांची गरज पडते, आणि मग ते काम हौशी हातांचे राहत नाही. ४ फूट किंवा त्याहून रुंद खिडकीत दोन झडपांचे दार चांगले बसते. ३ फुटांच्या खिडकीत एकाच झडपेचे दार करावे.

हातोडा उचलण्यापूर्वी भिंत ओळखावी. खिडकीच्या वरच्या कोपऱ्याजवळचा गिलावा थोडा खरवडून लिंटेल दोन्ही बाजूंना भिंतीत किमान ६ इंच शिरले आहे का, ते पाहावे. जुन्या वाड्यांत आणि कोकणातल्या जांभ्याच्या घरांत लिंटेलऐवजी लाकडी पाट असतो, आणि काही ठिकाणी तर वरच्या चिऱ्यांचा भार खिडकीच्या चौकटीनेच पेललेला असतो; तेथे चौकट काढणे म्हणजे भिंत खाली ओढणे होय. भार पेलणाऱ्या भिंतींच्या घरात खिडकीच्या तळाशी सळ्या घातलेला काँक्रीटचा पट्टा दोन्ही बाजूंच्या भिंतींत जाताना दिसला, तर काम तेथेच थांबवावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती कशा कोसळल्या हे महाराष्ट्राने पाहिले आहे. असे आडवे पट्टे भूकंपाच्या हादऱ्यात भिंतींना एकत्र बांधून ठेवण्यासाठीच घातलेले असतात, म्हणून इंजिनिअरला विचारल्याशिवाय ते कापू नयेत. कॉलम-बीमच्या इमारतीत खिडकीखालची भिंत सहसा नुसती भरणीची असते, तेथे ही काळजी कमी. मात्र सोसायटीत राहत असल्यास सोसायटीची लेखी संमती आणि पालिकेकडे चौकशी या दोन गोष्टी आधी उरकाव्यात, कारण इमारतीचे दर्शनी रूप बदलते आहे.

खिडकीखालच्या भिंतीत विजेची नळी असण्याची शक्यता मोठी असते, कारण प्लगचे बोर्ड तेथेच बसवलेले असतात. मुख्य स्वीच बंद करून ती वायर इलेक्ट्रिशियनकडून आधी बाजूला घ्यावी. खिडकीला कडप्प्याची किंवा ग्रॅनाइटची चौकट असेल, तर उभ्या पट्ट्या खालच्या पट्टीवर उभ्या असतात, हे ध्यानात ठेवून त्या प्रथम काढाव्यात.

मग ओळंब्याने दोन उभ्या रेषा आखून त्यांवर डायमंड चक्तीच्या ग्राइंडरने भिंतीच्या आतून आणि बाहेरून खाच पाडावी. लहान ग्राइंडर जेमतेम सव्वा इंच खोल जातो, तेव्हा ९ इंची भिंतीचा मधला भाग छिन्नीनेच काढावा लागतो. पण खाच असल्यामुळे शेजारच्या विटा हलत नाहीत आणि गिलाव्याला तडे जात नाहीत. वरून सुरुवात करून एकेक थर काढत खाली यावे, मधूनच घणाचे घाव घालू नयेत. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर धुळीचा चांगला मास्क हवाच, कारण काँक्रीट आणि विटांची बारीक धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. फरशीची पातळी आली की थांबावे. त्याखाली जोते, म्हणजे जमिनीपासून फरशीपर्यंतचे पायाचे बांधकाम, आणि ओल अडवणारा थर असतो, त्याला धक्का लावू नये.

आता उंबरठा. सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा, कारण या दाराचे सारे यश त्याच्या तळातून पाणी आत येते की नाही यावर ठरते. उघड्या पडलेल्या तळावर आणि दोन्ही बाजूंनी ६ इंच वरपर्यंत वॉटरप्रूफिंगचे दोन हात आडवे-उभे द्यावेत आणि ते वाळल्यावरच सिमेंटच्या मसाल्यात ग्रॅनाइटचा अखंड उंबरठा बसवावा. तो दोन तुकड्यांत घेऊ नये, कारण सांध्यातून पाझर लागतो. त्याचा उतार बाहेरच्या बाजूला असावा, त्याची कडा भिंतीच्या पुढे दीड-दोन इंच आलेली असावी, आणि त्या कडेच्या खालच्या अंगाला एक बारीक खाच मारून घ्यावी, म्हणजे पाणी दगडाला चिकटून भिंतीकडे मागे न सरकता तेथूनच खाली ठिबकते. बाहेरचा ओटा आतल्या फरशीपेक्षा किमान एक इंच खाली ठेवावा. जोरदार पावसाच्या मुलखात याहून अधिक. खिडकीवरचा छज्जा वरून पडणारे पाणी अडवतो, पण वाऱ्याबरोबरची झड थेट दाराच्या पायथ्याशी येते, आणि खिडकी फरशीपासून अडीच-तीन फूट वर असल्यामुळे हा प्रश्न आजवर कधी आलेला नसतो.

दाराचे माप उंबरठा बसल्यानंतरच घ्यावे. रुंदी तीन ठिकाणी मोजावी, सर्वांत कमी भरेल ती धरावी, आणि चौकट प्रत्येक बाजूला सुमारे १० मिलिमीटर लहान करवून घ्यावी. काच टफन्डच, म्हणजे तापवून मजबूत केलेली, असावी; मात्र ती एकदा टफन झाली की कापता येत नाही, म्हणून मापातली चूक म्हणजे नवी काच. चौकट उभी केल्यावर ओळंबा लावावा आणि दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान असतील तरच झडपा मध्ये नीट मिळतील. सागाची चौकट असल्यास भिंतीला टेकणाऱ्या बाजूंना वाळवीविरोधी औषध लावून प्रत्येक बाजूस तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) काँक्रीटमध्ये रोवावेत आणि त्या काँक्रीटवर आठवडाभर पाणी मारावे. ॲल्युमिनियमची किंवा यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) चौकट स्क्रूने घट्ट केली जाते. फट फोमने भरून बाहेरून सिलिकॉन द्यावे. माझ्या मते पावसाच्या प्रदेशात झडपा बाहेर उघडणाऱ्याच असाव्यात, कारण तेव्हा वारा त्यांना चौकटीवर अधिक घट्ट दाबतो. मात्र त्यांच्या बिजागऱ्या बाहेर येतात, म्हणून पिन बाहेरून निघणार नाही अशा प्रकारच्या घ्याव्यात.

जोते दीड फूट उंच असेल, तर बागेत उतरायला पायऱ्यांच्या ६ इंचांच्या तीन चढणी लागतात. काळ्या मातीच्या भागात पायऱ्या नुसत्या मातीवर बांधू नयेत. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पायऱ्यांना भिंतीपासून सोडवते. मुरूम लागेपर्यंत खणावे, आणि पायऱ्या व भिंत यांच्यामध्ये अर्धा इंच फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरावी.

खिडकीबरोबर तिचे गजही गेलेले असतात, हे विसरू नये. रात्रीसाठी लोखंडी सुरक्षा दार आणि डासांसाठी जाळीचे दार यांची जागा चौकट ठरवतानाच राखावी, आणि बाग असल्यामुळे दाराखालच्या फटीतून साप-विंचू शिरू नयेत म्हणून झडपांच्या तळाला ब्रशची पट्टी लावावी. हे सगळे काम दिवाळीनंतर हाती घेऊन मेपूर्वी पुरे करावे. शेवटी नळीने पंधरा मिनिटे पाणी दारावर आणि उंबरठ्यावर मारावे, आत कोरडे फडके फिरवून पाहावे, आणि ओल लागली तर त्या ठिकाणचे सिलिकॉन काढून, पृष्ठभाग वाळवून, पुन्हा भरावे.