लघुउद्योजक संघटनेचे सभासद होण्यापूर्वी आणि झाल्यावर

सांगलीत गणपती पेठेत दुकान असो वा कुपवाडच्या एमआयडीसीत दोन लेथ मशिनचे वर्कशॉप, संघटनेची वर्गणी भरण्याआधी आपली नेमकी अडचण कागदावर लिहून काढावी. पेठेतली व्यापारी संघटना आणि औद्योगिक वसाहतीतली उद्योजकांची संघटना यांची कामे वेगळी असतात. संस्था नोंदणीकृत आहे का, वार्षिक सभा आणि लेखापरीक्षण वेळेवर होते का, हे पाहावे. आणि गेल्या वर्षभरात कोणाचे कोणते काम झाले, हे पदाधिकाऱ्यांऐवजी दोन-तीन सामान्य सभासदांनाच विचारावे.

माझ्या मते सर्वांत मोठा लाभ थकलेल्या बिलांच्या बाबतीत होतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. हे माहीत असूनही छोटा कारखानदार गप्प बसतो, कारण त्याचे निम्मे जॉबवर्क त्याच एका पार्टीकडून येत असते. हा प्रश्न संघटनेने सर्वांच्या वतीने मांडला, तर एकट्याचे नाव पुढे येत नाही. दावा मात्र ज्याचा त्यालाच करावा लागतो. त्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडे होणारी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची नोंदणी, आधीच केलेली असावी (ती विनामूल्य आहे, एजंटला पैसे देऊ नयेत), आणि प्रत्येक चलनावर माल पोहोचल्याची तारीख, सही व शिक्का घ्यावा. दिवस मोजायचे ते त्याच तारखेच्या आधारे. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम नोंदणी मिळते, पण थकबाकीचे हे संरक्षण मिळत नाही.

पेठेतल्या दुकानदाराला संघटनेची खरी गरज पावसाळ्यात भासते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. अशा वेळी माल हलवायला टेम्पो आणि उंचावरचे गोदाम एकेकट्याने शोधण्यापेक्षा ते संघटनेमार्फत जूनमध्येच ठरवून ठेवावे. विम्याच्या दाव्यासाठी साठा-नोंदवहीचे फोटो दुकानाबाहेर कोणाकडे तरी सुरक्षित ठेवावेत, कारण भिजलेल्या वहीवरून नुकसान सिद्ध करणे फार कठीण जाते.

सभासद झाल्यावर पहिल्याच मासिक बैठकीला जावे आणि आपली अडचण तोंडी न सांगता, बिलांच्या प्रती जोडून, एका पानाच्या अर्जात सचिवांकडे द्यावी व पोच घ्यावी.