ऊस तुटल्यावर गहू: थंडीचा हिशेब

युरोपातल्या हिवाळी गव्हाला फुलोऱ्यासाठी ० ते ७ अंशांची थंडी काही आठवडे लागते. तो कोल्हापुरात पेरला तर गवतासारखा नुसता वाढेल. आपल्या वाणांना ती अट नाही, पण थंडी हवीच. गारव्यात वाढ संथ होते, फुटवे धरायला वेळ मिळतो. ऊस तुटून रान डिसेंबरात मोकळं झालं, की पेरणी लांबते, पीक घाईनं ओंबीवर येतं आणि ऐन दाणा भरताना ऊन लागून तो सुरकुततो. अशा वेळी निफाड ३४ सारखा उशिराचा वाण घ्या, एकरी ४० ऐवजी ५० किलो बी, ओळी १८ सेंमीवर. पहिलं पाणी पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळं म्हणजे बुंध्याजवळची नवी मुळं फुटताना. ते चुकलं तर थंडी असूनही फुटवे कमीच. १५ डिसेंबर उलटला असेल तर गव्हाचा नाद सोडा, उन्हाळी भुईमूग बरा.