‘जरा सरकून घे’: एकीचं, समतेचं कंट्री गाणं रचायचं कसं

‘एकी’, ‘समता’ आणि ‘स्वतःचा स्वीकार’ हे शब्द गाण्यात एकदाही येऊ द्यायचे नाहीत, ही पहिली अट. कंट्री गाण्यात (अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेली, रोजच्या जगण्याच्या गोष्टी सांगणारी ही गाणी) विचार आधी माणसाच्या हातात दिसतो, तोंडी येतो तो नंतर. कंट्री गायिका डॉली पार्टन यांच्या १९७१च्या ‘कोट ऑफ मेनी कलर्स’मध्ये गरिबी आणि स्वाभिमान यांवर भाषण नाही. आईने चिंध्या जोडून शिवलेला एक कोट आहे आणि त्याला हसणारी शाळेतली मुलं आहेत. बाकीचं ऐकणारा स्वतः जोडतो. थेट विधानांचं गाणंही लिहिता येतं. कंट्री गायक गार्थ ब्रुक्स यांनी १९९२मध्ये लॉस एंजेलिसच्या दंगलींनंतर ‘वी शॅल बी फ्री’ त्याच पद्धतीने केलं. पण तेव्हा ते लोकप्रियतेच्या शिखरावर होते, तरी हे गाणं कंट्रीच्या यादीत १२व्या क्रमांकाच्या वर गेलं नाही. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

तेव्हा आधी एक वस्तू आणि एक अडचण शोधा. अडचण छोटी आणि डोळ्यांना दिसणारी हवी. इथे उदाहरणासाठी डावखुरा गिटारवाला घेऊ. बाकावर रांगेने बसून वाजवताना उजव्या हाताने वाजवणाऱ्या सगळ्यांच्या गिटारीचे दांडे डावीकडे जातात, डावखुऱ्याचा मात्र उजवीकडे. त्यामुळे त्याचा दांडा उजवीकडे बसलेल्याच्या दांड्यावर आपटतो. उपाय दोनच: त्याने सवय मोडून उलट हाताने वाजवायचं, नाहीतर शेजाऱ्याने थोडं सरकायचं. आपल्याला हवं ते सगळं या एका अडचणीत आहे. स्वतःला न बदलणं आहे, दुसऱ्याने जागा करून देणं आहे, आणि कुणी कुणावर उपकार करत नाही हेही आहे.

आता ध्रुवपद. पहिला खर्डा बहुतेकांचा असा उतरतो:

आपण सारे एक, नको भेदभाव
प्रेमाचा संदेश नेऊ गावोगाव

यमक जुळतं, मीटर बसतं, आणि दुसऱ्यांदा ऐकायची इच्छा होत नाही. यात माणूस नाही, जागा नाही, कुणी काही करतही नाही. शिवाय गाणारा उंचावर उभा राहून सांगतो आहे. आता तीच गोष्ट बाकावरून:

जरा सरकून घे, बसू दे मला
उलटी ही गिटार, भरडा हा गळा
तू धर वरचा सूर, मी खालचा धरेन
उद्या कुणी आलं तर मीही सरकेन

पहिल्या ओळीत मागणी, दुसरीत कबुली (पण माफी नाही), तिसरीत वाटणी, चौथीत परतफेड. समता चौथ्या ओळीमुळे येते. ती काढली तर गाणं नुसती विनवणी होऊन बसतं. शेवटच्या ध्रुवपदात तिसरी आणि चौथी ओळ बदलायची: ‘दोघांचे दोन सूर, चल एकत्र धरू, उद्या कुणी आलं तर दोघंही सरकू’. ‘मी’पासून ‘आपण’पर्यंतचा प्रवास गाण्यात एकदाच व्हावा आणि शेवटी व्हावा. पहिल्याच ओळीत ‘आपण’ म्हणून टाकलं की पुढे जायला जागा उरत नाही.

कडव्यांची कामं वेगळी ठेवा. पहिल्या कडव्यात डावखुरा मुलगा, गिटार ‘सरळ धर’ म्हणणारे मोठे, आणि बंद दाराआड केलेला सराव. दुसऱ्या कडव्यात काळ पुढे न्या आणि माणूस बदला. आता बाकावर आधीपासून बसलेला तो आहे आणि दारात वेगळंच कुणी उभं आहे: बोलीमुळे, वयामुळे, कातडीच्या रंगामुळे किंवा कुणावर प्रेम आहे त्यामुळे आत यायला बिचकणारं. यांपैकी एकच निवडा. चारही कारणं एका कडव्यात कोंबली की जाहीरनामा होतो. दुसरं कडवं पहिल्याचीच री ओढत असेल तर गाणं तिथेच बसतं, आणि अर्ध्यावर सोडून दिलेल्या बहुतेक गाण्यांचं दुखणं हेच असतं. सरकायला नकार देणाराही माणूसच वाटू द्या. त्याला खलनायक केलं तर एकीच्या गाण्यात एक माणूस बाहेरच राहतो.

ब्रिजमध्ये, म्हणजे शेवटच्या ध्रुवपदाआधी एकदाच येणाऱ्या वेगळ्या तुकड्यात, तात्पर्य सांगायचा मोह आवरा. ब्रिजचं काम दिशा बदलणं एवढंच: गाणारा स्वतःशी बोलतो, किंवा एखादा प्रश्न विचारून मोकळा होतो. आठ मापं (एक माप म्हणजे एक बार, इथे चार ठोके), चार ओळी, बस्स.

रचना मापांत मोजून ठेवा. ४/४ आणि मिनिटाला १०० ठोके धरले तर एक माप २.४ सेकंदांचं. सुरुवात ४, पहिलं कडवं १६, ध्रुवपद ८, मधला तुकडा २, दुसरं कडवं १६, ध्रुवपद ८, वाद्यांचा तुकडा ८, ब्रिज ८, ध्रुवपद ८, शेपूट ४. एकूण ८२ मापं, म्हणजे सुमारे ३ मिनिटं १७ सेकंद. पहिलं ध्रुवपद २० मापांनंतर, ४८व्या सेकंदाला येतं. एक मिनिट उलटून जाईपर्यंत ते आलं नाही तर पहिलं कडवं निम्मं करा. सुरुवात लांबवू नका.

कॉर्ड साधेच हवेत. जी पट्टीत जी, सी, डी आणि ई मायनर पुरतात. वादकांना द्यायच्या कागदावर मात्र कॉर्डची नावं न लिहिता नॅशविलची (हे अमेरिकेतलं कंट्री संगीताचं मुख्य शहर) आकड्यांची पद्धत वापरा. पट्टीतल्या पहिल्या स्वराचा कॉर्ड १, चौथ्याचा ४, पाचव्याचा ५, आणि मायनर असेल तर आकड्यापुढे आडवी रेघ. आपल्या सरगमीत सांगायचं तर सा, म, प आणि ध. गायिकेला पट्टी उंच पडली तर कागद बदलावा लागत नाही, फक्त ‘१ म्हणजे आता एफ’ एवढं सांगायचं. कडवं १ वर सुरू करा आणि तिथेच रेंगाळा. ध्रुवपद ४ वर उघडा:

४ | १ | ४ | १ | ६– | ४ | ५ | १

प्रत्येक ओळीला दोन मापं. १ वर घरी बसलेला कान ४ वर उठतो, म्हणून ध्रुवपद आवाज न वाढवताही उंच वाटतं. ब्रिज ६– वर सुरू करून ५ वर सोडा, म्हणजे पुढचं ध्रुवपद आपोआप खेचून घेतलं जातं.

ओळ ठेक्यावर बसवताना ‘जरा’ हे मापाच्या आधी घ्या आणि ‘सरकून’मधला ‘स’ पहिल्या ठोक्यावर टाका. ‘ज’ पहिल्या ठोक्यावर आला तर ओळ हुकूम दिल्यासारखी ऐकू येते, आणि शेवटचं ‘घे’ कुठल्या तरी आडठोक्यावर लटकतं. टाळी वाजवत ओळ बोलून पाहिली की हा फरक लगेच कळतो. चाल बसवण्याआधी सगळं गाणं असं एकदा नुसतं बोलून काढा.

चालीचा पल्ला एक सप्तक आणि वर फार तर एक-दोन स्वर. कडवं खालच्या पाच स्वरांत ठेवा आणि सर्वांत वरचा स्वर ध्रुवपदासाठी राखून ठेवा. बाकीच्यांनी सोबत गावं अशी इच्छा असेल तर वरचा स्वर डीच्या पलीकडे नेऊ नका. तिथे निम्मे लोक गप्प होतात, आणि एकीच्या गाण्यात गप्प झालेले लोक फार जाणवतात. शेवटचं ध्रुवपद एक स्वर वर चढवायची, म्हणजे जीचं ए करायची, जुनी युक्ती आहे. ती चालते, पण डीचा ई होतो आणि वरची अडचण पुन्हा दारात उभी. त्यापेक्षा त्या ध्रुवपदाची पहिली चार मापं सगळी वाद्यं थांबवा. फक्त आवाज आणि टाळ्या. पाचव्या मापाला सगळे एकदम परत.

गिटारीचा ठेका बूम-चक: पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्याला खर्जाची एकच तार, दुसऱ्या-चौथ्याला खालच्या बारीक तारांवर स्ट्रम. खर्जाची तार दर वेळी बदलायची. जीला सहावी आणि चौथी, सीला पाचवी आणि सहावी (तिसऱ्या पडद्यावर), डीला चौथी आणि पाचवी, ई मायनरला सहावी आणि पाचवी. सगळ्या सहा तारा चारही ठोक्यांना झोडल्या की खर्ज बेसवर चढतो आणि शब्द बुडतात. ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश. पहिलं कडवं ड्रमविनाच जाऊ द्या.

एकी ऐकवायची असेल तर ती वाद्यमेळात ऐकवा. पहिल्या कडव्यात एक आवाज, एक गिटार. पहिल्या ध्रुवपदात बेस आणि दुसरा आवाज: मूळ चालीच्या वर तिसरा स्वर, म्हणजे गाणारा जीवर असताना बी. दुसऱ्या ध्रुवपदात खालचा आवाज, त्याच जागी डी. शेवटी सहा-आठ जणांचा मेळा. बँजो घेणार असाल तर दुसऱ्या कडव्यात आणा. या वाद्याची मुळं आफ्रिकेत आहेत, गुलाम करून अमेरिकेत आणलेल्या लोकांनी ते तिथे घडवलं. पुढे १९२०च्या दशकात अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांनी दक्षिणेतलं संगीत विकताना काळ्यांच्या आणि गोऱ्यांच्या रेकॉर्डच्या याद्याच वेगळ्या केल्या, लोक एकमेकांचं ऐकत आणि वाजवत होते तरीही. ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नॅशविलच्या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाच्या पहिल्या लाडक्या कलाकारांपैकी एक, हार्मोनिकावादक डीफोर्ड बेली, कृष्णवर्णीय होते. त्यांना कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळायला २००५ साल उजाडलं. हे गाण्यात सांगायची गरज नाही, पण बँजो कुठे वाजवायचा हे ठरवताना ठाऊक असावं.

पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची, सूर सरकवणारी गिटार), फिडल (व्हायोलिन), बँजो यांना प्रत्येकाची जागा वाटून द्या आणि एका जागेत एकच वाद्य ठेवा. भर घालायची ती ओळ संपल्यावर. गाणारा ‘मला’ म्हणत असतानाच स्टीलचा सूर सरकत आला तर दोन्ही वाया जातात. याद्या कागदावर लिहा: पहिलं कडवं कुणाचं नाही, पहिलं ध्रुवपद स्टीलचं, दुसरं कडवं बँजोचं, आणि असं पुढे.

रेकॉर्डिंग घरीही होतं. आवाजासाठी कंडेन्सर माइक, तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर, मध्ये पॉप फिल्टर. गिटारीचा माइक बाराव्या पडद्यासमोर २० ते ३० सेंटिमीटरवर. भोकासमोर ठेवला तर आवाज घुमतो, आणि नंतर कितीही खर्ज कापला तरी ते घुमणं पूर्ण जात नाही. २४ बिट ठेवा, आवाजाची सर्वांत वरची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. मेळ्यासाठी सगळे अर्धवर्तुळात, माइकपासून मीटर-दीड मीटरवर. दोन-तीन टेक घ्या आणि दर टेकला जागा बदला, म्हणजे एकच मोठा आवाज सगळीकडे वर येत नाही. मुख्य आवाज मधोमध, जोडीचे दोन डावी-उजवीकडे अर्ध्यावर, मेळा अगदी कडांना. सूर सरळ करणारं सॉफ्टवेअर मेळ्यावर वापरू नका. आठ जण तंतोतंत एका सुरात आले की आठ जण ऐकू येत नाहीत.

उच्चारांचं एक. कंट्री म्हटलं की अनेकजण अमेरिकी दक्षिणेचा अनुनासिक हेल उसना घेतात. जे गाणं ‘मी आहे तसा आहे’ म्हणतं ते दुसऱ्याच्या गळ्यातून म्हणू नये. आपल्या बोलण्याचा हेल ठेवा. स्वर लांबवणं, ओळीच्या शेवटी सूर किंचित मोडणं, एवढं पुरतं.

गाण्यातला अनुभव तुमचा नसेल, तर तो ज्याचा आहे त्याला लिहायलाच बसवा, नुसतं तपासायला नको. नॅशविलमध्ये दोघा-तिघांनी मिळून लिहिणं रोजचं आहे, आणि खोलीत असलेल्यांना सारखा वाटा हा तिथला रूढ हिशेब. कुणी सहा ओळी दिल्या आणि कुणी एकच, हे मोजत बसायचं नाही. गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी एका कागदावर गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि टक्केवारी लिहा (तिघे असतील तर ३३.३३, ३३.३३ आणि ३३.३४, म्हणजे बेरीज १०० भरते), सगळ्यांच्या सह्या घ्या आणि प्रत्येकाला प्रत द्या. गाणं चाललं तर हा कागद करायची वेळ निघून गेलेली असते.