आफ्रिकेत टेलिकॉमचा माल पाठवताय? या चुका टाळा

कंटेनर न्हावाशेव्याहून सुटला की मोंबासा किंवा लेगोसला पोचेपर्यंत कागद होऊन जातील, या भरवशावर राहणारे निर्यातदार बरेच आहेत. राउटर, जीपीएस ट्रॅकर, वायफायवाला कॅमेरा, सिम टाकलेला पाण्याचा मीटर अशा रेडिओ असलेल्या जवळपास प्रत्येक वस्तूला त्या देशाच्या दूरसंचार नियामकाचं टाइप अप्रूव्हल, म्हणजे त्या मॉडेलची मंजुरी, लागतं. ते माल चढवण्याआधी हातात हवं. खालच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळेच होतात.

‘सीई आहे ना, मग झालं’

नाही झालं. युरोपचं सीई चिन्ह, अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाचं एफसीसी प्रमाणपत्र, आपल्या दूरसंचार विभागातल्या डब्ल्यूपीसीचं ईटीए किंवा टीईसीचं एमटीसीटीई प्रमाणपत्र, यातलं काहीही तिथली मंजुरी नव्हे. मात्र सीईसाठी केलेले टेस्ट रिपोर्ट खूप कामाला येतात. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या फ्रिक्वेन्सी विभागणीत आफ्रिका युरोपसोबत रीजन १ मध्ये आहे, त्यामुळे बरेच नियामक ईटीएसआय या युरोपीय संस्थेच्या आणि आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकांचे रिपोर्ट घेतात: २.४ गिगाहर्ट्झसाठी ईएन ३०० ३२८, सुरक्षिततेसाठी आयईसी ६२३६८-१. लॅब आयएसओ १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांचं मानक) मान्यतेची हवी.

फक्त एफसीसीचे रिपोर्ट घेऊन गेलात तर फ्रिक्वेन्सीवर अडकाल. ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ हा पट्टा अमेरिकेत खुला आहे, पण रीजन १ मध्ये त्याच्या मोठ्या भागावर मोबाइलचं जीएसएम ९०० चालतं. अमेरिकी बाजारासाठीचा आरएफआयडी रीडर किंवा लोरा (दूरवर थोडा डेटा पाठवणारं) मॉड्यूल तिथे चालणारच नाही. आपला ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा युरोपच्या ८६३ ते ८७० मध्ये बसतो, पण म्हणून निर्धास्त राहू नका, पॉवरची मर्यादा देशागणिक तपासा. ६ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या वायफाय ६ई चंही तसंच. अमेरिकेने ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झ हा पूर्ण पट्टा खुला केला, तर केनिया आणि दक्षिण आफ्रिकेने त्याचा खालचा भागच. फर्मवेअरमधला कंट्री कोड बदलल्याशिवाय अर्ज करू नका.

एकच खिडकी आहे असं समजणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. रेडिओची मंजुरी एक खातं देतं आणि बंदरातून माल सोडण्यासाठी लागणारा मानकांचा दाखला दुसरं. नायजेरियात टाइप अप्रूव्हल एनसीसीचं, म्हणजे तिथल्या दूरसंचार आयोगाचं, पण आयातीसाठी तिथल्या स्टँडर्ड्‌स ऑर्गनायझेशनचं सॉनकॅप प्रमाणपत्र वेगळं. केनियात कम्युनिकेशन्स अथॉरिटीचं अप्रूव्हल आणि शिवाय केब्सची, म्हणजे तिथल्या मानक संस्थेची, पीव्हीओसी योजना. पीव्हीओसीची तपासणी माल निघण्याआधी, म्हणजे भारतातच होते. जहाज सुटल्यावर ती आठवून उपयोग नाही.

दक्षिण आफ्रिकेत लोक इकासाचा, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाचा, दाखला मिळवतात आणि राउटरसोबतचा छोटा पॉवर अडॅप्टर विसरतात. त्याला एनआरसीएसचं, म्हणजे सक्तीची मानकं राबवणाऱ्या तिथल्या खात्याचं, लेटर ऑफ ऑथॉरिटी लागतं. खोक्यात भारतीय पिनेचा अडॅप्टर तसाच टाकलेला असेल तर अडचण दुप्पट. केनिया, नायजेरिया आणि घानात चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग चालतो, दक्षिण आफ्रिकेत त्यांचा स्वतःचा. शंभर-दीडशे रुपयांच्या वस्तूवर अख्खा लॉट थांबतो.

दाखला कुणाच्या नावावर?

बऱ्याच देशांत अर्जदार स्थानिक नोंदणीचा असावा लागतो. मग तिथली पार्टी म्हणते, ‘भाऊ, आम्हीच काढतो, तुम्ही रिपोर्ट पाठवा.’ सोय वाटते. पण दाखला त्यांच्या नावावर निघतो आणि दोन वर्षांनी डिस्ट्रिब्युटर बदलायचा म्हटलं की नव्याने सगळं करावं लागतं. माझं मत स्पष्ट आहे: स्वतंत्र स्थानिक प्रतिनिधी नेमा, त्याची फी द्या, विक्रीचा करार वेगळा ठेवा. पार्टीच्याच नावाने काढणं भाग असेल, तर दाखला हस्तांतरित करण्याचं कलम पहिल्याच करारात घाला.

मॉडेल नंबरमधली एक डॅश

टेस्ट रिपोर्टवर ‘आरटी-५५०’, लेबलवर ‘आरटी५५०’, इनव्हॉइसवर ‘आरटी-५५० प्लस’. तुमच्या सेल्सवाल्याला तिन्ही एकच वाटतात, कस्टम्सच्या माणसाला तीन वस्तू दिसतात. दाखला फक्त त्यावर छापलेल्या मॉडेलचा. आतलं वायफाय मॉड्यूल बदललंत तर नंबर तोच ठेवूनही भागत नाही, नियामकाला कळवावं लागतं. आणि मॉड्यूलला मंजुरी आहे म्हणून ते बसवलेल्या पूर्ण यंत्राला ती आपोआप मिळत नाही.

लेबल शेवटी चिकटवू म्हणून ठेवू नका. इकासाच्या लेबलवर टीए, वर्ष आणि क्रमांक असा नंबर येतो. एनसीसीला या उपकरणाच्या वापरास आयोगाची परवानगी आहे अशा अर्थाचं ठरावीक इंग्रजी वाक्य हवं असतं. दोन्ही आर्टवर्कमध्ये आधीच जागा मागतात. मोरोक्को, सेनेगल, आयव्हरी कोस्टसाठी फ्रेंच कागदांची तयारी ठेवा, अंगोलासाठी पोर्तुगीज. पोर्तुगीज जाणणारा माणूस गोव्यात अजून सापडतो. इजिप्त किंवा ट्युनिशियात नमुना यंत्र मागू शकतात. तो नमुनाही परवानगीशिवाय कुरियरने पाठवला तर तिथेच अडकतो.

माल आधीच अडकला असेल तर

कुणीतरी नक्की सुचवेल की ‘कॉम्प्युटर पार्ट्स’ म्हणून दाखवा. ऐकू नका. कस्टम्सच्या वर्गीकरणात, म्हणजे एचएस कोडमध्ये, राउटर ८५१७.६२ मध्येच मोडतो. चुकीचा एचएस कोड म्हणजे कागदांच्या अडचणीवर चुकीच्या घोषणेचा गुन्हा. आधी तिथल्या क्लिअरिंग एजंटकडून हरकत लेखी घ्या, कारण अनेकदा अडलेलं असतं ते टाइप अप्रूव्हल नव्हे, मानकांचं प्रमाणपत्र. मग माल कस्टम्सच्या देखरेखीखालच्या बाँडेड गोदामात हलवता येतो का ते विचारा, म्हणजे डेमरेजचं (माल बंदरात पडून राहिल्याच्या आकाराचं) मीटर निदान मंदावेल. नियामकाकडे अर्ज टाकून पोचपावती कस्टम्सला दाखवा. काही ठिकाणी तेवढ्यावर मुदत मिळते. मंजुरीला लागणारा वेळ आणि गोदामाचं भाडं यांचा हिशेब बसत नसेल, तर माल परत आणण्याचा किंवा मंजुरी असलेल्या शेजारच्या देशात वळवण्याचा निर्णय पहिल्या आठवड्यातच घ्या. त्यासाठी पार्टीची ना-हरकत लागू शकते, आणि पेमेंट थकलेलं असताना ती मिळवणं फार अवघड.