गिरणी संपावर गेम करायचा असेल तर या चुका टाळा

निवडींवर चालणारा ऐतिहासिक गेम करायचाय, विषय सुचवा, असं कुणी विचारलं की मी १९८२ चा मुंबईचा गिरणी संप सुचवते. १८ जानेवारी १९८२ ला तो सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि संप मागे घेतल्याचं अधिकृतपणे कधी जाहीरच झालं नाही. त्या काळात गिरणगावातल्या प्रत्येक घराला रोज काही ना काही ठरवावं लागत होतं. गावी जायचं की मुंबईतच तग धरायची? पोराची शाळा चालू ठेवायची की त्याला कुठे कामाला चिकटवायचं? खानावळीची बाकी कशी फेडायची? शेजारचा गुपचूप कामावर जातोय हे कळलं तर बोलायचं की गप्प राहायचं?

एवढा ऐवज हाताशी असूनही पहिला मसुदा बहुतेक वेळा फसतो. खेळाडू शेवटपर्यंत जातो, "छान आहे, बरीच माहिती मिळाली" म्हणतो, आणि त्या माणसांबद्दल त्याच्या मनात काहीही हललेलं नसतं. याचं मूळ मला एकाच ठिकाणी दिसतं: आपण खेळाडूच्या हाती त्या माणसाकडे होतं त्यापेक्षा जास्त देऊन ठेवतो. जास्त माहिती, जास्त अधिकार, विचार करायला जास्त वेळ. पुढच्या बऱ्याच चुका यातूनच निघतात.

खेळाडूला निकाल आधीच ठाऊक असतो

लक्षण अगदी ओळखता येण्यासारखं आहे. चाचणीला बसलेले जवळजवळ सगळे पहिल्याच महिन्यात "कामावर परत जा" हा पर्याय दाबतात. संप फसला, गिरण्या बंद पडल्या, त्या जागी मॉल आणि टॉवर आले, हे त्यांना माहीत असतं. मग संपात टिकून राहणारा माणूस त्यांना भाबडा वाटू लागतो. भाबड्या माणसाची फार तर कीव येते. त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघावं असं कुणाला वाटत नाही.

इथे दुरुस्ती इतिहासातूनच करावी लागते. जानेवारी १९८२ मध्ये संपावर जाणं शहाणपणाचं का वाटत होतं, हे आधी तुम्हाला पटलं पाहिजे. १९७४ चा गिरणी संप ४२ दिवस चालला होता, म्हणजे लोकांच्या डोक्यातला लांब संप साधारण तेवढा. या संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंतांनी त्याआधीच्या वर्षांत इंजिनीअरिंग आणि इतर कारखान्यांत भरघोस पगारवाढी मिळवून दिल्या होत्या. गिरण्यांत मात्र १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे मालकांशी बोलण्याचा हक्क एकट्या मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता, आणि कामगारांचा त्या संघावरचा विश्वास उडत चालला होता. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून भडका उडाला, तेव्हा कामगार घाटकोपरला जाऊन डॉ. सामंतांच्या मागे लागले, आमचं नेतृत्व करा म्हणून. हे सगळं खेळाडूच्या कानावर चाळीतल्या गप्पांतून, सभेतून, गेटवरच्या बातमीतून आलं पाहिजे. निवेदकाने पडद्यावर येऊन पार्श्वभूमी समजावून सांगितली की खेळाडू पुन्हा २०२० च्या पुढच्या काळात येऊन बसतो.

बारीकसारीक जागीही निकाल फुटतो. "प्रकरण २ / ६" किंवा "महिना ३ / १८" असं वर कोपऱ्यात लिहिलं की संप किती चालणार ते खेळाडूला कळलं. प्रगतीची पट्टी काढून टाका. कॅलेंडर दाखवायचं तर फक्त चालू महिन्याचं पान दाखवा. अफवा खऱ्या बातमीइतक्याच ठसठशीतपणे मांडा. पुढच्या आठवड्यात तडजोड होणार ही अफवा गेममध्ये दोनतीनदा आली आणि खेळाडूने तिच्या भरवशावर उसने पैसे काढले, म्हणजे तो त्या वर्षात शिरला असं समजा.

विचारासाठी वेळ किती द्यायचा हाही याच प्रश्नाचा भाग. इराणच्या क्रांतीवरच्या '१९७९ रेव्होल्यूशन: ब्लॅक फ्रायडे' या २०१६ च्या गेममध्ये रेझा नावाचा छायाचित्रकार असतो आणि उत्तर द्यायला काही सेकंदच मिळतात. गर्दीत किंवा चौकशीच्या खोलीत तसंच घडतं, म्हणून तिथे ते चपखल बसतं. तुमच्याकडे ते फक्त गेटवरच्या प्रसंगांना वापरा. रात्री वही घेऊन हिशोबाला बसलेल्या माणसाच्या डोक्यावर घड्याळ टांगू नका. सावकाश वाचणाऱ्यांसाठी ते बंद करायची सोयही द्या.

पुढाऱ्याला नायक करणं

सामंतांना मुख्य पात्र केलंत की तो डावपेचांचा गेम होतो. खेळाडू आकडे हलवतो, माणसं लांब राहतात. लहान अधिकाराचं, पण दुसऱ्यावर परिणाम करू शकेल असं पात्र शोधा. 'पेपर्स, प्लीज' हा लुकास पोपचा २०१३ चा गेम याचा उत्तम नमुना आहे. तुम्ही सीमेवरचे साधे तपासनीस असता. एका माणसाची कागदपत्रं बरोबर निघतात, तो जाताना सांगतो की मागे माझी बायको आहे. तिच्याकडे प्रवेशपत्र नसतं. तिला सोडलं तर तुमच्या नावावर ताकीद लागते, आणि संध्याकाळी घरभाडं, जेवण, शेगडी, आजारी माणसाचं औषध यांचा हिशोब तर समोर येणारच असतो. तुमच्या दयेची किंमत तुमच्याच घरातून वसूल होते.

गिरणगावात असं पात्र म्हणजे बदली कामगार. रोज गेटवर जायचं, कुणी कायम कामगार गैरहजर असेल तरच काम मिळायचं. संपाच्या मागण्यांत बदलींना कायम करण्याचाही प्रश्न होता, म्हणजे जिंकलो तर सर्वांत मोठा फायदा याचा, आणि रोजी तुटल्यावर सर्वांत आधी उपाशी राहणाराही हाच. दुसरं पात्र मला याहूनही जवळचं वाटतं: खानावळ चालवणारी बाई. गावाहून एकटे आलेले कामगार तिच्याकडे जेवत आणि पगाराला पैसे देत. पगार थांबला तरी ताटं थांबत नाहीत. उधारी किती वाढू द्यायची, कुणाला नाही म्हणायचं, वाण्याला काय सांगायचं, या तिच्या निर्णयांवर पंधरावीस माणसांचं संपात टिकणं अवलंबून आहे आणि संपाच्या सभेत तिला कुणी काही विचारणार नाही. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच बायकांसाठी. त्यांच्या कर्जाचे आणि भांडवलाचे प्रश्न अभ्यासलेत तर गेमची अर्धी गणितं तिथेच सापडतील.

'सामान्य कामगार' नावाचं पात्र

कुणालाही आपलासा वाटावा म्हणून पात्राचं गाव, जात, खातं सगळं पुसून टाकतात. मग ते कुणालाच आपलं वाटत नाही. गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, मजुरी जास्त होती. तिथे धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे, आणि त्याच कारणाने सवर्ण कामगार दलितांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. तुमच्या पात्राचे आजोबा तेव्हा कुठल्या खात्यात होते, हे ठरवल्याशिवाय १९८२ मधली त्याची खोली, त्याच्या ओळखी, त्याला उसने देणारी माणसं ठरवता येणार नाहीत.

गावाचंही तेच. संप लांबला तसे हजारो कामगार कोकणात आणि साताऱ्या-कोल्हापूरकडे परत गेले. "गावी जा" हा पर्याय प्रत्येकाला एकसारखा ठेवू नका. जमीन असलेल्याला तो आधार आहे. भूमिहीनाला गावी जाणं म्हणजे दुसऱ्याच्या बांधावर मजुरी. पर्यायाची अक्षरं तीच ठेवून परिणाम वेगळे केलेत, तर एकाच गेममधून दोन खेळाडू दोन वेगळे अनुभव घेऊन उठतील आणि आपसात बोलतील. मला अशा गेमकडून हेच हवं असतं.

संप फोडणाऱ्यालाही याच नियमाने बघा. पोलिस बंदोबस्तात कामावर गेलेला माणूस खलनायक रंगवणं सोपं आहे. त्याला खेळाडूच्या शेजारच्या खोलीत ठेवा, त्याच्या मुलीचं आजारपण आधी घडू द्या, आणि खेळाडूने तेव्हा मदत केली होती की नाही हे लक्षात ठेवा.

चांगुलपणाला गुण देणं

"माणुसकी +१०" अशी पट्टी दिसली की खेळाडू माणुसकी कमवायला लागतो. ती पट्टी काढून टाका. परिणाम माणसांच्या वागण्यातून दाखवा. वॉर्सातल्या ११ बिट स्टुडिओजचा 'धिस वॉर ऑफ माइन' हा २०१४ चा गेम साराजेव्होच्या वेढ्यावरून सुचला. त्यात तुम्ही वेढ्यात अडकलेल्या साध्या माणसांना जगवता. शहरातल्या एका घरात म्हातारं जोडपं राहतं. ते प्रतिकार करत नाहीत, त्यांचं अन्न-औषध उचलून आणता येतं. गेम तुम्हाला काही सुनावत नाही. पण परत आल्यावर तुमच्या घरातली माणसं खचत जातात, एखाद्याचं तर कशातच मन लागेनासं होतं. तेवढं पुरतं. तुमच्या गेममध्ये उधारी नाकारलेला माणूस दुसऱ्या दिवशीही जिन्यात भेटला पाहिजे, आणि नेहमीसारखा बोलायला थांबला नाही पाहिजे.

दुःखाचं कोडं करणं

गुलामांच्या व्यापारावरच्या एका डॅनिश शैक्षणिक गेममध्ये जहाजात माणसं रचण्याचा टेट्रिससारखा उपखेळ होता. २०१५ मध्ये त्यावर मोठी टीका झाली आणि तो भाग काढावा लागला. त्या जहाजांत माणसं कशी कोंबली जात हे मुलांना कळावं असा बनवणाऱ्यांचा हेतू होता. पण हात जे करतो ते डोकं शिकतं: खेळाडू जागा वाचवण्यात रमतो. म्हणून प्रत्येक कृतीला विचारा, यात प्रावीण्य मिळवणं म्हणजे नेमकं कशात तरबेज होणं? युनियनकडून आलेलं धान्य वाटण्याचा प्रसंग घेताय, तर वेगात पोती लावल्याबद्दल बक्षीस नको. रांगेत कुणाला आधी द्यायचं हे ठरवू द्या, आणि रांगेतल्यांना बोलू द्या.

फांद्या आवाक्याबाहेर जाणं

दोन-दोन पर्यायांचे दहा निर्णय पूर्ण वेगळे वाढवले तर १०२४ शेवट होतात. तेवढं लिहिणं कुणालाच झेपत नाही, मग घाईघाईत सगळे रस्ते एकाच दृश्यात आणून सोडले जातात आणि खेळाडूला फसवलं गेल्यासारखं वाटतं. मोठ्या घटना स्थिर ठेवा. १८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईत पोलिसांचाच उठाव झाला आणि गिरणी कामगारही रस्त्यावर आले. ते कुठल्याही मार्गाने घडणारच. बदलतं ते त्या दिवशी तुमच्या दारात कोण येतं आणि तुम्ही दार उघडता का. संप जिंकायची छुपी वाट मात्र अजिबात ठेवू नका. तसं केलंत की खरे कामगार नीट खेळले नाहीत म्हणून हरले, असा अर्थ निघतो, आणि तो त्यांच्यावर अन्याय आहे.

देवनागरी मोडणं

हे तांत्रिक आहे, पण वाचताना अडखळलेला खेळाडू कुणाच्या दुःखात शिरत नाही. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर दाखवणाऱ्या टेक्स्टमेशप्रोत नुसता देवनागरी फॉन्ट घालून भागत नाही. वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षरं फुटतात. गोडो या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या तिसऱ्या आवृत्तीतही हीच अडचण, गोडो ४ मध्ये अक्षरं नीट जुळतात. निवडींच्या गोष्टी लिहायचं ट्वाइन हे साधन ब्राउझरमध्येच चालतं, म्हणून पहिल्या नमुन्यासाठी तेच घ्या. टाइप होत जाणारा मजकूर हवा असेल तर एकेक युनिकोड चिन्ह न दाखवता पूर्ण अक्षर दाखवा, नाहीतर "क्षमा" येताना आधी क, मग क्, मग क्ष असं डोळ्यांपुढे नाचतं.

आणि बोली. मालवणचा माणूस आणि कराडचा माणूस एकाच पाठ्यपुस्तकी मराठीत बोलला की खोली खोटी वाटते. ती बोली घरात बोलणाऱ्याकडून संवाद तपासून घ्या.

"कसं वाटलं?" विचारणं

या प्रश्नाला "छान" हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा: तिसऱ्या महिन्यात उधारी का बंद केलीस? खेळाडू पर्यायाबद्दल बोलला ("त्यात पैसे वाचत होते") तर अजून काम बाकी आहे. तो माणसाबद्दल बोलला ("तो गावी जाणारच होता, मला माहीत होतं") तर गेम चालतोय.

ज्यांच्या घरात संप झाला त्यांनाही बोलवा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या, आणि कुणाचं खरं नाव किंवा ओळखू येईल असा प्रसंग त्यांच्या परवानगीशिवाय घेऊ नका. त्यांना माउस हातात देण्याचा आग्रह नको. शेजारी बसून कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं. भाड्याचा आकडा चुकला असेल तर ते लगेच सांगतील. संवादाचा सूर चुकला तर बहुतेक जण सांगत नाहीत, मान डोलावतात आणि लक्ष काढून घेतात. वाचणाऱ्याने ती जागा कागदावर टिपून ठेवावी, आणि पुढच्या आवृत्तीत बाकी सगळ्या दुरुस्त्यांच्या आधी तो संवाद पुन्हा लिहावा.