बडोद्याच्या हवेतला सल्फर डायऑक्साइड घरबसल्या कसा तपासायचा

एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) बघायची सवय आता बऱ्याच जणांना लागलीये, पण कारखान्यांचा सल्फर डायऑक्साइड (एसओटू) त्यात दिसतच नाही. एक्यूआय म्हणजे त्या दिवशी जो घटक सगळ्यात वाईट त्याचा आकडा, आणि तो बहुतेक वेळा धुळीचाच असतो.

म्हणून सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) साइटवर जाऊन हवा मोजणारं स्टेशन निवडा, फक्त एसओटू टिक करा, आणि सरासरी २४ तासांची न घेता १ तासाची घ्या, एक्सेल फाइल उतरते. नंदेसरी, म्हणजे जवळची औद्योगिक वसाहत, वडोदऱ्याच्या खाली शोधत बसू नका, ते वेगळं गाव म्हणून येतं.

तासाचीच का, तर हिशोब बघा. रात्री एक तास घनमीटरला ४०० मायक्रोग्रॅम आला आणि उरलेले २३ तास १५ राहिले तर दिवसाची सरासरी येते ३१. आपली २४ तासांची मर्यादा ८० आहे, म्हणजे कागदावर दिवस 'चांगला', पण दम्याच्या माणसाला त्या एका तासातच त्रास होतो, हा वायू दहा मिनिटांत छाती आवळतो. डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये २४ तासांसाठी ४० ठरवलंय, तोही आकडा शेजारी लिहून ठेवा.

आता वारा. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे, ती आणि नंदेसरी दोन्ही शहराच्या वायव्येला, त्यामुळे वारा वायव्येकडून असेल तेव्हा धूर आपल्यावर येतो. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीला, सगळे गच्चीवर असतातच, पतंग आग्नेयेकडे ओढत असेल तर तो तास फाइलमध्ये नक्की बघा. थंडीत पहाटे हवा खाली दबून राहते, तेव्हा आकडे जास्त चढतात.

वर्षांची तुलना करताना जानेवारी जानेवारीशीच लावा, पावसाळ्याशी नको, पावसात वायू धुऊन जातो. २०२० चे एप्रिल-मे लॉकडाऊनचे, तिथून आलेख सुरू केला तर सगळं वाढलेलंच दिसेल. आणि त्याच एप्रिलपासून बीएस-सिक्स, म्हणजे कमी सल्फरचं इंधन आलं, सल्फर ५० वरून १० पीपीएम झाला, त्यामुळे आता एसओटू वाढला तर रिक्षा-गाड्यांकडे बोट दाखवू नका, कारखान्यांच्या धुराड्यांकडे बघा. आकडा कमी दिसला तरी पीएम २.५ (हवेतले अतिबारीक कण) पण तपासा हं, हाच वायू हवेत सल्फेटचे बारीक कण बनून राहतो.

वासाचं सांगते, सडक्या अंड्याचा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड, एसओटूचा वास आगकाडी ओढल्यावर येतो तसा झणझणीत. आणि तो नाकाला कळतो तेव्हा हवा मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेली असते, म्हणून लगेच वेळ, जागा, वाऱ्याची दिशा लिहा, त्या तासाचा आकडा जोडा आणि जीपीसीबीकडे (गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे) तक्रार करा, नुसतं "वास येतो" लिहिलं तर शोधायचं कुठे हे त्यांनाही कळत नाही.